उकव्याच्या माणसाची फणी

उकव्याचा तो खाणकामगार शस्त्रक्रियागृहाच्या दारातून घाबरून परत फिरला, असे बालाघाटात आजही सांगतात. साफ खोटे! शेजारची खाट माझीच होती. त्याच्या खांद्याच्या वाटीचे हाड पार झिजले होते. कृत्रिम सांधा तिथे टिकेलच, अशी हमी डॉक्टर देत नव्हते. तो परतला तो वॉर्डात, त्याच्या खाटेपाशी बसलेल्या, दोन्ही हात लुळे पडलेल्या बायकोपाशी. उजवे कोपर डाव्या हाताने उचलून धरीत, ओठ चावत, त्याने रोजच्यासारखे तिचे केस विंचरले.

“लोकं पाहून राह्यले जी!” ती पुटपुटली.

“पाहू दे. उद्या हात उठन का नाही, डाक्टरलेबी मालूम नाही.”

फणी तिच्या पदरात ठेवून तो आपणहून स्ट्रेचरवर चढला. परत फिरला, एवढेच त्या कथेत खरे आहे.