पाणसळमामांचा कान

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला साइटवर सगळे पाणसळमामा म्हणत. पातळी तपासायची पाणसळ लावायच्या आधीच ते नुसत्या नजरेनं सांगत, "डावी बाजू सूतभर वर आहे." लावून पाहिलं की तेवढंच निघे.

आजारपणाच्या भरपगारी रजेचा कायदा झाला, तेव्हा मामी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांना वर्षाला सात दिवस मिळाले. मामांनी मुकादमाला विचारलं.

"बांधकाम त्यातून वगळलंय, मामा. आपलं काम आज इथं, उद्या तिथं. रजा मोजणार कोण, म्हणे."

"ताप काय धंदा विचारून येतो?" मामा हसले आणि पुन्हा कामाला बसले.

थंडीत दोघांना एकदमच सर्दी-तापानं धरलं. मामी तीन दिवस पांघरूण घेऊन पडल्या. मामांचा कान ठणकत होता.

"आज नका जाऊ," मामी म्हणाल्या.

"नाही गेलो तर उद्या माझ्या जागेवर दुसरा उकिडवा बसलेला असेल."

कानात कापूस कोंबून ते गेले. असे आठ दिवस रेटले. नवव्या दिवशी फरशी ठोकता ठोकता भोवतालची खोली गरकन फिरली आणि ते सिमेंटच्या ओल्या मालातच आडवे झाले.

"पू पार आतल्या कानात उतरलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आधी आला असता तर गोळ्यांवर भागलं असतं कदाचित."

उजवा कान गेला तो गेलाच. चालतानाचा तोलही गेला.

मामींच्या रजेचे चार दिवस उरले होते. माझंच पोट बिघडलंय असं त्यांनी कारखान्यात फोनवर सांगितलं आणि ते चारही दिवस मामांच्या उशाशी काढले. खोटं बोलायची सवय नव्हती. पोट बिघडल्याचं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं.

तीन महिन्यांनी मामा हट्टानं साइटवर गेले. मुकादमानं त्यांना एका लहानशा न्हाणीघराची फरशी बसवायला दिली. दुपारी पाणी ओतून पाहिलं, तर ते मोरीच्या जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं. मुकादमानं स्वतः वाकून फडक्यानं ते टिपलं.

"अजून थोडं बरं वाटू द्या, मामा. मग या."

"हो."

मामांनी थापी धुतली, पुसली आणि भिंतीला हात लावत एकेक पायरी खाली उतरले.

"कसं झालं काम?" घरी मामींनी विचारलं. त्या मामांच्या उजव्या अंगाला, गेलेल्या कानाकडे बसल्या होत्या. मामा समोर बघत राहिले. ऐकू गेलं नसेल असं धरून मामींनी ताट त्यांच्यापुढं सरकवलं, आणि पुन्हा विचारलं नाही.