पाटीवरचं माप

आमच्या घरात गोष्ट पोटात ठेवणं फक्त जाऊबाईंना जमतं. बाकी आम्ही सगळे चाळण्या. जाऊबाई बायकांचे कपडे शिवतात आणि मी, धाकटी जाऊ, त्यांच्या दुकानात संगणकावर बसते. माप पडद्याआड घ्यायचं आणि आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नियम. टेपवर त्या नखाने खूण करतात, मी वाकून बघते आणि बाहेर येऊन मुकाट्याने संगणकात भरते. एकदा एक सख्खी बहीण बहिणीच्या कमरेची चौकशी करायला आली होती. "तिची कंबर तिच्यापाशी," म्हणून जाऊबाईंनी तिला वाटेला लावलं.

कपडे घालून बघायला बायकांना वेळ लागतो, आणि तोवर नवरे बाकावर बसून उसासे टाकतात. त्यांच्या 'अजून किती'मुळे बायका घाईघाईत आत-बाहेर करायच्या आणि घरी गेल्यावर तक्रार घेऊन परत यायच्या. त्यावर उपाय म्हणून दुकानात फुकट वायफाय आलं. पासवर्ड ठेवायला जाऊबाईंनी साफ नकार दिला. पाहुण्याला पाणी देताना आपण आधी ओळखपत्र मागतो का, असं त्यांचं म्हणणं. नवरे गार झाले हे खरं, पण वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही आमच्या जिवावर सिनेमे बघू लागले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा सगळा कारभार. जाऊबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग एके दिवशी बाकावरचा एक गरीब स्वभावाचा नवरा मोबाइलमध्ये काहीतरी शोधता शोधता थेट आमच्या संगणकात शिरला. दुकानाचा संगणक आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल एकाच नेटवर्कवर, त्यात मापांचं फोल्डर सताड उघडं. बिचाऱ्याने मान वर करून मला विचारलं, "वहिनी, हे सीट बेचाळीस कुठल्या गाडीचं?"

त्याला काही कळलं नाही हे आमचं नशीब. जाऊबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांनी वायफायच्या डबीची वायरच उपटली आणि ती बसवून देणाऱ्या वायरवाल्याला बोलावणं धाडलं.

वायरवाला टक्कल पडलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्याने दोन नेटवर्क वेगळी केली, एक दुकानाचं आणि एक पाहुण्यांचं. या दोहोंत आता दारच नाही, म्हणाला. "म्हणजे कापड वेगळं, अस्तर वेगळं," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्याने मान डोलावली. मापांचं फोल्डर त्याने बंद केलं. डबीच्या आत शिरायचा पासवर्ड दुकानातून आणल्यापासून तसाच होता, म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक असलेला. तोही बदलला. दुकानाच्या नेटवर्कसाठी त्याने अर्थ लागणार नाही अशी अक्षरांची खिचडी करून दिली. पाहुण्यांचा पासवर्ड मात्र जाऊबाईंनीच ठरवायचा होता. निदान बारा आकडे हवेत. फोन नंबर नको, जन्मतारीख नको, झोपेतून उठवलं तरी आठवेल असं काहीतरी द्या, असं त्याने सांगितलं.

जाऊबाईंनी घटकाभर विचार केला आणि बाकासमोरच्या पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, तेही हाताच्या सवयीने जोड्या पाडून: ३८ ३२ ४० १४ १० १५. वायरवाल्याने शाबासकी दिली. मीही खूश झाले. रोज मापं भरणारी बाई मी, पण माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला वकीलबाईंच्या. त्या कोर्टात घालायचा कोट घालून बघायला आल्या होत्या. पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि चष्मा सारखा केला. छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, उंची हा क्रम जन्मात एकदा तरी कपडे शिवून घेतलेल्या कुठल्याही बाईला पाठ असतो.

"हे कुणाचं माप आहे?" त्यांनी विचारलं.

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि आमच्याकडे टाचण्यांना तोटा नाही. जाऊबाईंनी मान खाली घालून मशीन सुरू केलं.

वकीलबाईंना छाती आणि खांदा आपला वाटला. कुणाला बाही सापडली, कुणाला उंची. ज्यांची कंबर बत्तीसच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती, त्यांनीही ते माप आपलंच असल्याचा दावा केला. संशय येऊ नये म्हणून कंबर मुद्दाम कमी लिहिली, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात गावभर झालं की जाऊबाई बायकांची मापं भिंतीवर टांगतात. कोर्टातल्या बायका म्हणजे आमचं निम्मं दुकान, आणि त्या एकेक करून न शिवलेली कापडं परत न्यायला लागल्या.

मी जाऊबाईंच्या हातापाया पडले. कुणाचं आहे ते सांगून टाका, नाहीतर निदान पाटी तरी पुसा. त्या म्हणाल्या, पुसली तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, आणि एकीचं सांगितलं की सगळ्याजणींचं सांगितल्यासारखं होईल. मला असा राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. इतक्या वर्षांची अब्रू मातीत चालली होती आणि ही बाई काजं करत बसली होती.

मग वकीलबाई अर्धवट कोट परत न्यायला आल्या. सोबत साक्षीला दोन मैत्रिणी, आणि बाकावर उरलेसुरले तीन नवरे. जाऊबाई उठल्या, गळ्यातली टेप काढली आणि वकीलबाईंच्या हातात ठेवली.

"घ्या माप. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा."

"कुणाचं?"

"माझं. दुसऱ्या बाईचं माप वाटायचा मला हक्क नाही, वकीलबाई. वाटण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जी बाई बाहीची लांबीही पडद्याआड मोजते, ती भर दुकानात हात वर करून उभी होती. नवऱ्यांनी मोबाइलमध्ये अशी मुंडी घातली की परीक्षेला बसल्यासारखे दिसत होते.

वकीलबाईंनी टेप लावली. "छाती, अडतीस." पाटीशी जुळलं. मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

टेप खाली सरकली. जाऊबाईंनी आपलं माप घेतलं होतं तेव्हा मी या घरात आलेही नव्हते, आणि त्यानंतर त्यांना स्वतःसाठी टेप उचलायला फुरसतच मिळाली नव्हती. त्यांनी श्वास आत ओढला. पण श्वास ओढूनही कंबर जायची तेवढीच आत जाते. वकीलबाई वाकल्या, आकडा पाहिला आणि थबकल्या. वर पाहिलं तर जाऊबाई डोळे मिटून उभ्या होत्या.

कोर्टात स्वल्पविराम न सोडणारी ती बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "कंबर, बत्तीस."

पुढचे आकडे त्यांनी टेप न लावताच पाटीवरून भराभर वाचून टाकले. टेप गुंडाळून जाऊबाईंना परत दिली आणि कोट कधी तयार होईल ते विचारलं.

मी वकीलबाईंच्या खांद्यामागेच उभी होते. टेपवरचा आकडा मला अगदी स्वच्छ दिसला. तो मात्र विचारू नका, मीही आता त्याच दुकानातली आहे.