कंट्रोल गावचा नारळ

प्रोफेसरसाहेब गावदेवीच्या देवळाबाहेर बूट घालून उभे होते. मी नारळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"हे तुमचं डिपार्टमेंट, सुपरवायझर. तुम्हीच ठेवा."

म्हणून मी ठेवला.

आमच्या चौलच्या बाजूला देवीपुढे नारळ ठेवून बोललं की स्टँपपेपर लागत नाही. बोललेलं पुरं झालं की नारळ फोडून वाटायचा. तोवर तो तिथेच राहतो. ज्याच्या हातचा नारळ, त्याचा शब्द.

मी मिठागरावरच्या मजुराचा मुलगा. गावोगाव देवीची लस टोचत हिंडलो आणि त्यातून लोकल बोर्डात सुपरवायझर झालो. कोणाच्या शिफारशीने नाही. प्रोफेसरसाहेबांच्या मुंबईतल्या मेडिकल कॉलेजला आमच्या भागात हिवतापाची तपासणी करायची होती. औषध आणि डॉक्टर कॉलेजचे, गावं बोर्डाची, अशी भागीदारी ठरली. दोघांच्या मध्ये मी.

कॉलेजला दोन गावं हवी होती. खाडीच्या अलीकडच्या गावाला पावसाळाभर कोयनेल, म्हणजे क्विनीन, पाजायचं. पलीकडच्या गावाला काहीच द्यायचं नाही, पोरं फक्त तपासायची. अशा गावाला ते 'कंट्रोल' म्हणत. हिवताप मुरला की पोटात डावीकडे पाणथरी वाढते, ती हाताला लागते. दोन्हीकडच्या पोरांची पोटं चाचपायची आणि शेवटी फरक बघायचा, एवढंच ते शास्त्र.

पलीकडचा पाटील मला आडवा आला.

"देवीडॉक्टर, पोटां आमच्या पोरांची दाबाची आनी औशद त्यांना? ही कंची रीत?"

"पुढल्या पावसाळ्यात तुम्हाला, पाटील. साहेबांनी कबूल केलंय."

"सायेब जाईल मुंबईला. तू रं?"

त्याचा नातू पांडू त्याच्या धोतराला धरून उभा होता. काडीसारखे पाय आणि मडक्यासारखं पोट. डॉक्टरांचा हात त्याच्या पाणथरीवरून सरकत बेंबीपाशी थांबला.

"याला तरी द्या," मी साहेबांना हळूच म्हणालो.

"एकाला दिलं की कंट्रोल बिघडला."

पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळत. पण ताप उतरला की पुडी सुटते आणि ताप परत येतो. नेमाने पाजणारा माणूस लागतो. तो कॉलेजने अलीकडच्या गावात बसवला होता. पाटलाने नातवाकडे पाहिलं आणि म्हणाला, "नारल ठेव." देवळाबाहेर साहेबांचे हात खिशात गेले, तो दिवस हा.

पावसाळा गेला. अलीकडच्या पोरांची पोटं उतरली. पलीकडची होती तशीच राहिली. पांडूही तग धरून होता. मी आनंदाने मुंबई गाठली आणि साहेबांकडे पुढच्या पावसाळ्याचं कोयनेल मागितलं.

"आता कशाला?" साहेब म्हणाले. "रिझल्ट क्लिअर आहे."

"तुमचा क्लिअर आहे. त्या गावाचं काय?"

"ग्रँट संपली. तुम्ही आता हत्तीरोगासाठी गावं बघा. रेवदंड्याच्या बाजूला मिळतील?"

माझं डोकं फिरलं. "एक गाव मिळणार नाही! आधी कोयनेल, मग पुढचं."

"तुम्ही बोर्डाचे नोकर आहात की दलाल?"

"दलालच! पण आमच्यात दलालसुद्धा माल पोचवल्याशिवाय दुसऱ्या सौद्याला हात घालत नाही."

मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत लवंडली. त्याची तक्रार माझ्याआधी अलिबागला पोचली. बोर्डाच्या अध्यक्षांनी मला उभं करून झापलं.

"माफी माग त्यांची."

"मागतो. पण कोयनेल आल्यावर."

"तुझं मीठ अजून सुटलं नाही रे अंगातून."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

तरी मी हटलो नाही. हत्तीरोगाची गावं अडवून धरली. कॉलेजने दुसरा माणूस पाठवून पाहिला, पण गावकरी त्याला "आमचा देवीडॉक्टर कुठं हाय?" एवढंच विचारत आणि दारं लावून घेत. शेवटी कॉलेज नमलं. पूर्ण गावाला नाही, फक्त पोरांपुरतं कोयनेल देऊ म्हणाले. मी पाजायला माणूसही मागून घेतला. सौदा माझ्या बाजूने झाला असं मला वाटलं.

मंजुरीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. पेटी आली तेव्हा शेतातलं भात कापून झालं होतं.

मी होडीने ती पलीकडे नेली. पाटील खळ्यावर बसला होता. पांडू कुठे दिसला नाही. मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

"गनपती बुडवून आलो आनी त्याला ताप भरला. मंग उठला न्हाय."

मी पेटी खळ्यावर उतरवली. मग म्हणालो, "बाकीच्या पोरांना पाजायला सुरुवात करू. आणि देवीपुढचा नारळ..."

"पोरांना पाज. नारल न्हाय फोडाचा."

"पाटील, मी भांडलो हो त्यांच्याशी."

"व्हय. आयकला मी. तू भांडलास, तवर हा गेला."

पुढे कॉलेजचा रिपोर्ट छापून आला. त्यात कंट्रोल गावच्या ग्रामस्थांच्या उत्साही सहकार्याबद्दल आभार मानले आहेत. प्रोफेसरांना बढती मिळाली. मी सुपरवायझरचा सुपरवायझरच.

त्यानंतर मी अशा बऱ्याच भागीदाऱ्या जुळवल्या. कोण किती देणार हे मी नंतर विचारतो. आधी सगळ्यांना देवळात नेतो आणि नारळ कोण हातात घेतो ते बघतो. साहेबांचे हात खिशात गेले की तिथून उठतो.

मागे त्या गावी गेलो होतो. नारळ अजून देवीपुढे आहे. पाणी कधीच आटलं. हलवला की आत खोबऱ्याचा गोटा वाजतो.