दोरा सोडला तेव्हा

सोरायसिसनं माणूस मरत नाही, असं मला पुष्कळांनी सांगितलंय. पण त्यानं माणूस एकटं पडतं, हे कुणी सांगत नाही. औशात आमचं किराणा दुकान आहे. माझ्या हातावर, मानेवर खवले दिसायला लागले तसं गिऱ्हाईक सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवू लागलं. नणंद आली की माझ्या हातचा चहा नको म्हणायची. दर वेळी तिचं ‘आत्ताच पिऊन आले’ ठरलेलं. मी तोंडाची फटकळ, टोमणा मारून मोकळी होत असे, पण आतून जीव जळायचा. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करताना महादेवाला विचारायची, बाबा, तुला अंगावर बाळगते, तरी अंगाची ही दशा का? उत्तर कधी आलं नाही.

शेवटी या श्रावणात मी हट्टाला पेटले. महिनाभर गोळी बंद, मलम बंद, अंगाला फक्त भस्म. नवऱ्यानं परोपरीनं समजावलं, मी ऐकलं नाही. श्रावण अर्धा सरला नाही तोच अंग लालभडक झालं, डोक्यापासून पायापर्यंत कातडी निघायला लागली आणि एका सोमवारी दुपारी हुडहुडी भरली ती थांबेना. नवऱ्यानं मला गाडीत घातलं आणि लातूरच्या दवाखान्यात थेट इमर्जन्सीत नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडी अशी गेली की अंगातली ऊब आणि पाणी दोन्ही निघून जातं, हे जिवावर बेतू शकतं. उजव्या हाताला सलाईन लावलं. मग त्यांचं लक्ष गळ्याकडे गेलं. “हा दोरा काढावा लागेल. खाली चिघळलंय, विष अंगात पसरेल.” त्या दोऱ्यात चांदीची डबी, डबीत माझं लिंग. आम्हा लिंगायतांत ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. मी डाव्या हातानं दोरा गच्च धरला. म्हणाले, “मेले तरी चालंल, काढू द्यायची न्हाई.” नवरा हात जोडून उभा होता. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, पण त्यांचंही काही चालेना. दोरा मांसाला चिकटला होता आणि मला ग्लानी येत होती.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ दम्यानं धापा टाकत होते. त्यांची सून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेली, उठून माझ्याजवळ आली.

“आक्का, पूजेला लिंग कुठं धरता वो?”

“डाव्या तळव्यावर.”

“मग तळवा काय अंग न्हाई का? लिंग तिथं घ्या. दोरा जाऊ द्या, त्यो नुस्ता दोरा हाय.”

एवढी साधी गोष्ट, मला लहानपणापासून ठाऊक असलेली. पण भीतीनं आणि हट्टानं ती सुचलीच नव्हती. मी दोरा सोडला. डॉक्टरीणबाईंनी तो पाण्यानं भिजवून हलकेच कापला. डबीतलं लिंग मी डाव्या तळव्यावर घेतलं आणि मूठ मिटली. साऱ्या अंगात तळवेच काय ते शाबूत होते. तळव्याची कातडी जाड असते म्हणून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही.

मग अंगभर व्हॅसलीनसारखं मलम लावायचं होतं आणि नर्स एकटीच होती. त्या म्हाताऱ्यांच्या सुनेनं कुणी न सांगता हात धुतले, पदर खोचला आणि माझ्या पाठीला मलम लावायला बसली. किती वर्षांत माझ्या पाठीवर कुणाचा हात फिरला नव्हता. मी हुंदके देऊन रडले.

“लई दुखतंय का? हळू लावते,” ती म्हणाली. दुखत नव्हतं.

थोड्या वेळानं तिच्या सासऱ्यांना वरच्या मजल्यावर हलवलं, तशी ती त्यांच्या मागोमाग गेली. नाव विचारायचं राहून गेलं. आठवडाभरानं मी घरी आले. खवले आहेत, ते कायमचे जाणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि मीही आता मान्य केलंय. महादेवाकडे मी इतकी वर्षं चांगली कातडी मागत होते. त्यानं काय द्यावं हेही मीच ठरवत होते. आता पूजेला बसले की काही मागत नाही. त्या बाईचं आणि तिच्या सासऱ्यांचं बरं असो, एवढं म्हणते, आणि उठून गोळी घेते.