पाठच्या वाऱ्याची फळी

पांढरी फळी पुढचं टोक उचलून लाटेवर चढली तेव्हा मी मॅडमना म्हटलं, "हीच घ्या."

आम्ही माझ्या मशीनच्या होडीत होतो. मॅडम ठाण्याला बँकेत आहेत. शनिवारी त्यांना ग्रुपबरोबर कोलशेतहून डोंबिवलीपर्यंत खाडीतून जायचं होतं, पॅडलबोर्डवर. म्हणजे फळीवर उभं राहायचं, हातात एक वल्हं. वारा पाठीला घेऊन लाटेवरून घसरत जायचं, त्याला ही लोकं डाउनविंड म्हणतात. मागच्या वेळी त्या पडल्या आणि खारफुटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतल्या. दोन तास कोणाला पत्ता नाही. म्हणून कुठली फळी घ्यायची ते विचारायला आलेल्या.

मी चौथी शिकलो. रेतीच्या होड्या बांधण्यात जन्म गेला. आता क्लबच्या फळ्यांना फायबर लावतो.

दोन फळ्या आणलेल्या. पांढरी लांब, अरुंद, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर वळलेलं. पिवळी आखूड, रुंद, जड. वारा मागून आणि ओहोटी समोरून आली की लाट उभी राहते. त्यात नाळ घुसली की माणूस तोंडावर. आम्ही नवी होडी आधी रेतीची पोती ठेवून बघायचो. तशीच फळीवर दोन पोती ठेवलेली, एकावर एक, बायकोच्या जुन्या लुगड्याने बांधून, आणि फळी वाऱ्यावर सोडलेली. दोरीने फळी कापते. बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. लुगडी पडून आहेत.

पांढरी एकदाही बुडाली नाही. लाट आली की नाळ वर. कोणी मागे सरकून बसावं तशी.

जाळं घेऊन चाललेला एक ओळखीचा बाजूने ओरडला, "तात्या, त्या फलीवर बाई कोन बसलीय?"

"पोती आहेत रे."

"पोती? मग मागं वलून कशी बघते?"

मी बघितलं. पाठ वाकलेली, मान तिरकी. होडीत बायको तशीच बसायची. फळी न डुलता सरळ लांब चाललेली.

मॅडम म्हणाल्या, "काका, वजन किती ठेवलंय?"

"सत्तर. तुमच्याएवढं."

"नक्की?"

काठाला आणून पोती काट्यावर ठेवली. सेहेचाळीस. परत ठेवली. सेहेचाळीस. हॉस्पिटलच्या शेवटच्या कागदावर तिचं वजन एवढंच होतं. सकाळी काट्याकडे बघून मीच भरलेली, तोंडाने सत्तर म्हणत. असं कसं झालं, मला सांगता येत नाही.

"मी ह्यावर उभी राहणार होते," मॅडम हळू बोलल्या.

"राहिला असतात. माझ्या सांगण्यावरून."

परत सत्तर भरली. लुगडं सोडलं, सायकलची ट्यूब बांधली. तिसऱ्या लाटेला पांढरीची नाळ घुसली आणि पोती पाण्यात. मग पिवळीवर तेवढंच वजन ठेवलं. ती रखडत गेली, पण उलटली नाही.

शनिवारी मॅडम सगळ्यात शेवटी डोंबिवलीला लागल्या. कोरड्या.

"काका, कासव दिलंत मला."

"पोचलात ना?"

फळी ज्याच्यासाठी बघताय, वजन त्याचंच ठेवा. आणि घरात नुकतंच कोणी गेलेलं असेल, तर काटा दुसऱ्याला वाचायला सांगा.