दर्बातच्या तळ्यावरचे पाच तास

ओल्या गवताचा, उंटांच्या भिजल्या अंगाचा आणि कोळशावर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा असा एक संमिश्र गंध दर्बातच्या दरीत भरून राहिलेला असतो. उरलेलं ओमान ऑगस्टच्या उन्हात होरपळत असताना सलालाहच्या या डोंगरांवर समुद्राकडून धुकं चढत येतं, दिवसभर झिमझिम चालू राहते आणि एरवी करड्या दिसणाऱ्या उतारांवर डोळ्यांवर विश्वास बसू नये इतकी हिरवाई पसरते. या ऋतूला इथले लोक खरीफ म्हणतात. आम्ही सोहारहून हजार किलोमीटरांहून अधिक गाडी हाकत तो पाहायला आलो होतो. दरीच्या तळाशी ते संथ, हिरवट पाण्याचं तळं, त्यात पायडल मारायच्या रंगीत होड्या आणि काठावर, आपण कुणाच्या वाटेत उभे आहोत याची यत्किंचितही पर्वा न करणारे उंट. गुरुवारची सकाळ होती, पावणेअकरा वाजत होते. माझी लेक मुग्धा आपल्या अडखळत्या मराठीत बाबांना होडीसाठी रांग लावायला सांगत होती, आणि माझ्या हातातल्या फोनवर आमच्या कारखान्यातल्या केळुसकरांचा निरोप आला.

"मॅडम, आई आयसीयूमध्ये आहे. संध्याकाळचं विमान मिळतंय. पासपोर्टसाठी सलीमला सांगा, प्लीज."

मी तो वाचला. निरोपापुढच्या दोन खुणा आता तिकडे निळ्या झाल्या असतील, हे मला पुरेपूर ठाऊक होतं. मग मी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि होडीत जाऊन बसले.

तीन वर्षं मी या निरोपाची वाट पाहत होते. तीन वर्षं. माणूस डूख धरतो म्हणजे काय करतो, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. आमच्या घरात भांडण झालं की संध्याकाळच्या चहापर्यंत मिटायचं. पण दोन हजार पंधराच्या त्या रमजानानंतर मी पक्की शिकले.

तेव्हा मी आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि केळुसकर तिथले प्रमुख होते. आमच्याकडे सगळ्यांचे पासपोर्ट कार्यालयाच्या तिजोरीत असत. 'सुरक्षिततेसाठी', असं म्हणायची पद्धत होती. विभागप्रमुखाने हो म्हटल्याशिवाय सलीम तिजोरी उघडत नसे. सलीम म्हणजे आमचा सरकारी कामं बघणारा ओमानी अधिकारी, भला माणूस, पण नियमाला धरून चालणारा. त्या जुलैत कोल्हापूरहून भावाचा फोन आला की आप्पांना अर्धांगाचा झटका आलाय, लगेच ये. आप्पा म्हणजे माझे वडील. बाराही महिने रोज संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारणारा, तळ्याचं पाणी आज किती चढलंय ते घरी येऊन सांगणारा माणूस, तो रुग्णालयात निश्चल पडला होता. अर्बाब, म्हणजे आमचे मालक, उमऱ्यासाठी मक्केला गेलेले. आणि केळुसकर रजेवर, आयर्लंडमध्ये.

मी त्यांना निरोप पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. फोन केला, तो वाजत राहिला. तासाभरानं आमच्या प्रयोगशाळेच्या गटावर त्यांचा फोटो झळकला: डोंगरांच्या कुशीतलं काळंशार तळं, काठावर शेवाळलेल्या दगडांची भिंत, होडीत वल्हं घेऊन बसलेले केळुसकर, अंगात केशरी जाकीट, चेहऱ्यावर सुट्टीचं निर्भर हसू. खाली लिहिलं होतं, 'स्वर्ग इथेच आहे.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं 'ओके' दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, नुसतं 'ओके'. मी पोचले तेव्हा भाऊ अस्थी घेऊन परतला होता. आप्पांचा चेहरा मी पाहिला नाही. मला जे दाखवलं गेलं ते फडक्यात बांधलेलं होतं.

केळुसकर परत आले तेव्हा म्हणाले, वाईट झालं, मॅडम. त्यांनी आयरिश बिस्किटांचा डबाही दिला. मी तो घरी नेला नाही, प्रयोगशाळेतल्या सफाईवाल्याला देऊन टाकला. पुढे कधीही कुणी सहलीचा विषय काढला की हे त्या तळ्यांचं पुराण लावत. तिथल्या गल्ल्यांसारख्या अरुंद रस्त्यांनी कसं जावं लागतं, एका वळणावर अचानक पाणी कसं दिसतं, मासे गळाला कसे लागतात, आणि तिथला पाऊस कसा सभ्यपणे पडतो. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, बोला, बोला. तुमचीही वेळ येईल.

वर्षभरात मी प्रशासनात बदली मागून घेतली. लोकांना वाटलं, बाईंना रसायनांचा कंटाळा आला. पुढे मी त्या विभागाची प्रमुख झाले, आणि पासपोर्टची परवानगी विभागप्रमुखांकडून निघून माझ्याकडे आली. तिजोरीचा तो नियमच मोडून टाकावा, असं मालकांना सुचवता आलं असतं. कायद्यालाही तो धरून नव्हता. ते ऐकणारे होते. मी सुचवलं नाही. बाकी साऱ्यांना मी पाच मिनिटांत हो म्हणत असे, अगदी जेवता जेवता, उष्ट्या हातानंसुद्धा. नियम मला एकाच माणसासाठी हवा होता.

होडी तळ्याच्या मध्यावर आली. धुक्याचा पदर डोंगरावरून उतरून पाण्याला टेकत होता, कुठेतरी एक वासरू हंबरत होतं, मुग्धा हात पाण्यात सोडून स्वतःशीच गुणगुणत होती. इतकं निर्मळ दृश्य, आणि त्यात बसून मी आतल्या आत एक दुष्ट सुख चाखत होते. लाज वाटली का? नाही वाटली. खोटं कशाला बोलू? पर्समध्ये फोन दोनदा थरथरला, मी तो थरथरू दिला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला हवं होतं ते एवढंच, त्यांचं जळावं. काठावर आल्यावर मी मुग्धाला माझा फोटो काढायला लावला, आणि कार्यालयाच्या गटावर तो पाठवला. तळं, धुकं, मी. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

मग आम्ही गवतावर सतरंजी पसरून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. माझा नवरा श्रीकांत म्हणाला की तू आज फारच आनंदात दिसतेस. दुपार कलत गेली तसा तो आनंद मात्र घशाशी येऊ लागला. त्या बाईला, केळुसकरांच्या आईला, मी एकदा मंडळाच्या गणपतीत पाहिलं होतं. मुलाकडे दोन महिने राहायला आली होती. मोदकांच्या पाऱ्या करायला ती आमच्यात येऊन बसली आणि माझ्या पारीला पडलेल्या भेगा तिनं काही न बोलता, ओल्या बोटानं सांधून दिल्या होत्या. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? हा प्रश्न मी बराच वेळ दूर सारला. गुरुवारी चार वाजता कार्यालय बंद होतं आणि मग थेट रविवारी उघडतं. तीन चाळीसला मी सलीमला निरोप धाडला, केळुसकरांचा पासपोर्ट द्या. त्याचं उत्तर तत्काळ आलं. तो बिचारा दुपारपासून तिजोरीपाशीच बसून होता.

सोहारहून मस्कतचा विमानतळ दोन-अडीच तासांवर. संध्याकाळचं विमान गेलं. केळुसकर दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं निघाले. त्यांची आई पहाटेच गेली होती. माझ्या वाट्याला न आलेलं एक त्यांना मिळालं, चेहरा पाहायला मिळाला. हे कळल्यावर, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की यांना तेवढं तरी मिळालं. दुसरा विचार यायला दोन दिवस लागले.

तीन आठवड्यांनी ते पासपोर्ट जमा करायला माझ्या टेबलाशी आले. डोकं भादरलेलं, त्यावर नुकतेच फुटलेले पांढरे खुंट. रजेवरून परतलं की पासपोर्ट परत तिजोरीत, ही पद्धतच होती. मी नोंदवहीत सही करायची जागा दाखवली. त्यांनी सही केली, पण उठले नाहीत. नेहमी खणखणीत बोलणारा माणूस, त्या दिवशी पेनाचं टोपण लावायला वेळ लावत होता.

"मी तुम्हाला दोष देत नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुमचा फोटो दिसला होता, पण दर्बातला नेटवर्क येतं-जातं. मला माहीत आहे."

तीन वर्षं जपलेला सूड, आणि तो ज्याच्यावर घेतला त्याला पत्ताच नाही! मला गप्प बसता आलं असतं. सगळं सुखरूप झाकलं गेलं असतं. पण मला ते सहन होईना. कशामुळे, रागामुळे की लाजेमुळे, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

"नेटवर्क होतं, सर," मी म्हणाले. "पूर्ण होतं."

ते ओरडतील, मालकांकडे जातील, निदान खुर्ची मागे सारून उठतील, असं मला वाटलं. बाहेर भट्टीच्या पाळीचा भोंगा वाजला. केळुसकरांनी मान वर केली नाही.

"मलाही होतं," ते म्हणाले. "तिकडे. होडी दोन तासांपुरतीच मिळाली होती. म्हटलं, परत आल्यावर उत्तर देऊ. मग राहिलं."

एवढं बोलून ते उठले आणि प्रयोगशाळेकडे गेले. मी त्यांचा पासपोर्ट हातात घेऊन बसून राहिले. तीन वर्षं मी या माणसाच्या काळजाचा दगड कसा असेल याची कल्पना करत आले होते, आणि तिथे दगड नव्हताच. होता तो नुसता एक सुट्टीवरचा आळस, कुणालाही येतो तसा. त्यांना निदान 'राहिलं' म्हणता आलं. माझ्याकडून काहीच राहिलं नव्हतं, सगळं ठरवून केलेलं होतं.