कुंकवाखालचा तडा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत गावी, बिडकीनजवळ होते. फोन आईने उचलला, ऐकला आणि माझ्या हातात दिला. मामा तिचे सख्खे भाऊ. पलीकडून मामी म्हणाली, “ये माय लवकर. तुझे मामा गेले.” शहराकडे येणाऱ्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, तरी मी बहुतेक वाट उभीच राहिले. बसलं की वाटायचं, गाडी थांबलीय...

भानुदासमामा औरंगपुऱ्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात कामाला होते. शाळा-कॉलेजांना पुस्तकांचे गठ्ठे पोचवायचे, तेही सायकलवरून. दुकानाने टेम्पो घेतला, तरी मामा म्हणायचे, “टेम्पो गल्लीत वळंस्तोवर मी देऊन बी येतो.” आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. शिकायला मी त्यांच्याकडेच, मुकुंदवाडीत राहायला आले. प्रवेश घ्यायच्या दिवशी ते सोबत होते. त्या कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकं पोचवली होती. फाटकातून ते मला सरळ एका खिडकीशी घेऊन गेले आणि म्हणाले, “हे ऑफिस. इथपर्यंतचं मला ठाऊक हाय. याच्या पुढं तू बघ.” मी पुढे गेले. मागे वळून पाहिलं तर ते खिडकीशीच उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

मग त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. काम सुटलं. डॉक्टरांनी सायकल बंद केली. चाला, पण सावकाश, असं सांगितलं. मामांना सावकाश काही येत नव्हतं. अर्धा चहा ठेवून उठायचे, नळ आला का बघायचे, परत बसायचे, परत उठायचे. मामी वैतागायची. “अहो, बसा की जरा. घरात वाघ बांधून ठेवल्यासारखं वाटतंय.” मामा म्हणायचे, “वाघाला बी फिरवून आणतात सर्कशीत.” आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे बघायचे.

एक दिवस त्यांनी जाहीर केलं, सायकल नीट करून भाचीला द्यायची. कॉलेज लांब आहे, रिक्षात पोरीचा वेळ जातो. मामी म्हणाली, “दांडीची सायकल पोरीला? भंगारात द्या ती.” मी गावाकडे दांडीखालून पाय घालून, कैची मारत सायकल शिकलेली होते, त्यामुळे मला काही अडचण नव्हती. पण मामीचा रोख माझ्यावर नव्हताच. सायकल कुणाला हवी होती, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सायकल पुढून करकरायची. हँडल धरलं की काहीतरी हलतंय असं वाटायचं. मामांनी पायडलला तेल दिलं, चाकांना दिलं, चेनला दिलं. जिथून आवाज यायचा तिथे मात्र त्यांचा हात जात नव्हता. त्याला कारण होतं. दर दसऱ्याला मामा सायकल धुऊन हँडलखाली, जिथे फ्रेमच्या नळ्या एकत्र येतात, तिथे हळदीकुंकू लावायचे. ते पुसायचं नाही, हा त्यांचा नेम. नव्या दसऱ्याचं कुंकू जुन्यावरच चढायचं. तेल आणि धुळीने त्याची खपली झाली होती. तिच्याखालून एक तांबडा ओघळ नळीवर उतरलेला मीही पाहिला होता. मामा म्हणायचे, “पावसात कुंकू वघळलंय.” आम्हीही तेच मानलं. कुंकवावर कोण संशय घेणार?

शहागंजजवळच्या एका बोळात सलीमभाईंचं गॅस वेल्डिंगचं दुकान आहे. ते मामांचे जुने दोस्त. मी सायकल हातात धरून नेली. मामा शेजारून चालत होते आणि दर चार पावलांनी पुढे जात होते. सलीमभाईंनी खपलीकडे बोट केलं. “मामू, पोछूं क्या?” मामांनी आधी स्वतःच त्या जागेला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, “पूस.” रॉकेलचा बोळा फिरला. कुंकू निघालं, ओघळ राहिला. केसासारखी एक चीर नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेली होती.

“ये कुंकू नई मामू, जंग है. कित्ते साल से जंग की पूजा कर रे तुम?”

“म्हणूनच टिकली ना रे आतापर्यंत,” मामा म्हणाले. पण त्या गंजाकडे बघताना त्यांचा चेहरा उतरला होता. पुस्तकांचे जड गठ्ठे घेऊन ते याच चिरलेल्या सायकलवरून उड्डाणपूल उतरत आले होते.

दुसरी फ्रेम टाकू, असं सलीमभाई म्हणाले. मामांनी मान हलवली. “नाय. हीच.” मग सलीमभाईंनी रंग खरवडला. चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. वरून नळीचा एक तुकडा चिलखतासारखा बसवला, पितळ नीट धरावं म्हणून टाकणखार लावला आणि गॅसची ज्योत धरली. नळी लाल झाली तशी पितळेची कांडी वितळून फटीत शिरत गेली. मामा स्टुलावरून सारखे उठत होते. “बैठो ना मामू, तुमकू देख के पीतल भी घबरा रा.” ज्योत विझली तशी मामांनी पाण्याचा मग उचलला. सलीमभाईंनी तो काढून घेतला. “पानी नई. अपने आप थंडी होने दो.” मग मामा खरंच बसले. हातावर हात ठेवून, नळीकडे बघत. इतका वेळ एका जागी बसलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी मामीने बजावलं, “ही पोरीची. तुम्ही टांग टाकली तर माझ्याशी गाठ हाय.” मामा “व्हय” म्हणाले. रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की विचारायचे, “वाजती का?” मी नाही म्हटलं की सांध्यावरून अंगठा फिरवायचे. एवढंच. मग मी सुट्टीला गावी गेले.

ते गेल्यावर तीनेक आठवडे मी सायकलला हात लावला नाही. कॉलेज सुरू झालं होतं, म्हणून एका सकाळी बाहेर काढली, बसले आणि तोल गेला. पाय जमिनीला लागेनात. दुरुस्तीनंतर सलीमभाईंनी सीट माझ्या मापाने पार खाली घेतली होती. आता ती वर होती. मामांच्या उंचीला.

मामीला सांगावं की नाही, कळेना. ती दारातच उभी होती.

“मामी, सीट...”

“मला काय बघतीस? पान्हा कुठं ठेवलाय ते त्यांना आयुष्यात कधी घावलंय का? मीच काढून दिला.”

“पण डॉक्टरांनी...”

“आता डॉक्टर काय करणारंय?” ती म्हणाली. मग सांगू लागली, “भिंतीकडं बघत बसलेलं बघवंना गं. म्हणलं जा, एक चक्कर मारा अन् या. गेले ते औरंगपुऱ्यापर्यंत जाऊन आले! मी इथं दारात उभी, जीव मुठीत धरून. आले, चहा मागितला, सगळा पिले. अन् लई बोलले. कोणतं दुकान बंद झालं, कुणी नवी पाटी लावली... तेवढं वरीसभरात बोलले नव्हते.”

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते गेले. त्या चकरेचा आणि त्याचा काही संबंध असेल का, हे मी विचारलं नाही. मामी स्वतःला हे रोज विचारत असणार, असं मला वाटतं. तिने आत जाऊन पान्हा आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “घे खाली, तुझं तू बघ.”

मी नट सैल केला... आणि पुन्हा आवळला. सीट तशीच आहे. सिग्नल आला की मी लांबूनच फुटपाथची कड शोधते, तिच्यावर एक पाय कसाबसा टेकवते आणि दिवा हिरवा व्हायच्या आतच निघायची घाई करते.